थैलीचं तोंड, पन्नीचे कान

पांढुर्णा, ८ जुलै १९८७

प्रिय शकू,

एक गोष्ट मला समजून नाही राहिली, ती तुला विचारते. तू तहसीलमध्ये दिवसभर टाइपरायटरवर लोकांचे अर्ज उतरवते, माणसं तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असतील. घरी चांगली धडधाकट थैली असताना बाई दुकानात हात हलवत काहून येते?

झालं असं की आमच्या दुकानात पन्नी आली. प्लास्टिकची थैली, धरायला वर दोन कान. आमचे हे नागपूरला गेले होते, तिथून गठ्ठाच घेऊन आले. वर लाल अक्षरात छापून आणलं, 'बापूजी किराणा भांडार'. स्वतःचं नाव पाहून मामाजी लहान पोरासारखे खूश झाले. सासऱ्यांना इतकं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून गंमत सुरू आहे. काल-परवापर्यंत ज्या बायका थैली विसरल्या तर घरी परत जाऊन आणत, त्या आता रिकाम्या हातानं येतात. "पन्नी देजा बापूजी," म्हणतात. आणि दोन कान बोटात अडकवून अशा चालतात, जशा नागपूरहून खरेदी करून आल्या.

मी माझ्या शिलाई मशीनवर मांजरपाटाच्या थैल्या शिवल्या. जाड शिवण, दुहेरी बंद, कोपऱ्यात संत्रं काढलं, त्याला एक हिरवं पान. ज्याला पाहिजे त्यानं फुकट न्यावी म्हणून दुकानाच्या दाराशी खिळ्याला लावल्या. बायका हात लावून पाहतात, "कायची सुंदर काढली वं बाई" म्हणतात, आणि पन्नी मागतात! मामाजी म्हणतात, "सूनबाई, जमाना बदलला." जमाना एका पन्नीत कसा बदलते?

तुझ्या सौसरच्या बाजारात काय चाललं आहे ते जरा पाहून कळव. आपण शाळेत बेडकांच्या मागे जशा लागलो होतो, तशी याच्या मागे लाग. तुझ्या मायला, यमुनामावशीला, माझा नमस्कार सांग.

तुझीच
प्रेमा


सौसर, १९ जुलै १९८७

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसमध्ये एकटीच हसली. मोठे बाबू म्हणाले, "काय शकुंतलाबाई, बदलीची ऑर्डर आली का?"

तर बाजाराच्या दिवशी मी भाजी घ्यायची सोडून लोकांचे हात पाहत फिरली. ऐक.

पन्नी कोणी फेकून नाही राहिलं. हे पहिलं. एकदा आणली की धुतात, उलटी करतात आणि तारेवर चिमटा लावून वाळवतात. आमच्या गल्लीत साड्यांच्या मधात चार पन्न्या लटकलेल्या दिसतात. आमच्या ऑफिसचा शिपाई पाऊस आला की पन्नी टोपीसारखी डोक्यात घालते. एका बाईच्या हातात कापडी थैली होती. मी म्हटलं, चला, एक तरी भेटली. तर तिनं थैलीतून घडी केलेली पन्नी काढली, जिलबी तिच्यात घेतली आणि वांगी थैलीत कोंबली. मी विचारलं, वांगी पन्नीत काहून नाही? तर म्हणे, "वांग्याच्या काट्यानं पन्नी फाटते नं बाई."

म्हणजे पाह्य, जी टिकते तिला कोणी जपत नाही, आणि जी फाटते तिला जीव लावतात.

कापडी थैली जुन्या पँटीची असते, किंवा खताच्या पोत्याची. तिच्यावर घरचे डाग असतात. ती पाहून घरात काय आहे नि काय नाही ते समजते. पन्नी सगळ्यांची सारखी. तहसीलदाराच्या बायकोच्या हातात तीच, आणि आमच्या मायच्या हातात तीच.

हो, मायनंसुद्धा दोन जमा केल्या आहेत. संत्र्याच्या बगीच्यात कामाला जाते तेव्हा भाकरी तिच्यात नेते. मी विचारलं, तुले काहून आवडते? तर म्हणे, "हलकी हाये." थोड्या वेळानं आणखी काहीतरी म्हणाली, पण ते पुढे कधी सांगीन. तुझ्या संत्र्याचं पान कोणत्या टाक्याचं आहे? मला तसं जमत नाही.

तुझी
शकू


पांढुर्णा, ३ ऑगस्ट १९८७

प्रिय शकू,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. शिपायाच्या टोपीवर हे पोट धरून हसले. पण माझं कोडं काही सुटलं नाही, उलट वाढलं.

आमच्याकडे सावरगावकडून केसरबाई येते. कापूस वेचायला, निंदायला जाणारी बाई, अंगानं बारीक, बोलणं कमी. तिची स्वतःची थैली इतकी चांगली शिवलेली आहे की माझ्या शिवणीला लाज वाटावी. पण दुकानापाशी आली की ती थैली पदराखाली लपवते, आणि "पन्नी हाये का?" विचारते. बाकीच्या बायका मिरवायला पन्नी घेतात असं मी मानलं. पण केसरबाई रस्त्यावर गेली की सामान पन्नीतून काढून आपल्या थैलीत भरते आणि पन्नीची घडी करून कमरेला खोचते. मी माडीवरून स्वतः पाहिलं. मग कोणासाठी मिरवून राहिली ती?

मी तिला माझी संत्र्याची थैली दिली. तिनं घेतली, नमस्कारही केला. पुढच्या खेपेला परत पन्नी. मी सरळ विचारलं, "काहून वं केसरबाई, माही थैली आवडली नाही का?" तर खाली पाहून म्हणाली, "आवडली नं बाई. असंच."

आता या 'असंच'चं काय करू? मला रागही आला. मामाजी कोणाला कमी तोलत नाहीत, कोणाशी वाकडं बोलत नाहीत. त्यांच्या दुकानात लपवण्यासारखं काय आहे?

एक कर. महिनाअखेर सुटी काढून तूच ये. माझी थैली घेऊन दुकानात सगळ्यांसमोर सामान घे. सरकारी नोकरीतली बाई कापडी थैलीत घेते म्हटलं की बाकीच्या आपोआप घेतील. येशीलच.

प्रेमा


पांढुर्णा, ३० ऑगस्ट १९८७

शकू,

तू बरोबर पोचली असशील. मी मात्र दोन दिवसांपासून एकच विचार करून राहिली.

आली तेव्हा तू किती आनंदात होती. आपण घरात बसून भज्या खाल्ल्या, बेडकांच्या गोष्टी केल्या. मग दुकानात गेलो. मी बाजूला उभी राहून बायकांना थैलीवरचं संत्रं दाखवून राहिली होती. मामाजींनी तुझ्या नोकरीचं विचारलं, "पोरीनं नाव काढलं" म्हणाले. तू साखर घेतली, मीठ घेतलं. मिठाचा पुडा थैलीत फुटला, तेवढंच. आणि मग सगळ्यांसमोर तू म्हणाली, "बापूजी, चहापत्ती पन्नीत द्या."

शकू, ज्या कामासाठी तुला बोलावलं तेच तू उलटं केलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामाजी म्हणाले, "पाह्य सूनबाई, तुही मैत्रीणच पन्नी मांगून राहिली." नंतर तू चहालाही थांबली नाही. बस तर पाऊण तासानं होती. आणि माझी थैली बाजेवर तशीच ठेवून गेली.

मिठाच्या पुड्यामुळे राग आला असेल तर सांग. जुना कागद असेल. पण एवढ्यासाठी माणूस मैत्रिणीची थैली टाकून जाते का?

प्रेमलता


सौसर, १२ सप्टेंबर १९८७

प्रेमा,

जयभीम. तुला पत्रात पहिल्यांदाच असं लिहून राहिली. आमच्या घरी सगळ्यांना असंच लिहिते, तुलाच 'प्रिय' लिहीत होती.

मिठाचा पुडा कागद जुना होता म्हणून नाही फुटला. उंचावरून पडला म्हणून फुटला.

मी थैलीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं होतं. तुझ्या सासऱ्यांनी पुडा थैलीच्या वर वीतभर आणला आणि सोडून दिला. साखरेचा सोडला, मग मिठाचा. बोलून राहिले होते माझ्याशीच, नोकरीचं विचारून राहिले होते, चेहऱ्यावर राग नाही, किळस नाही. फक्त हात थैलीला लागू नाही दिला. माझ्या आधी पाटलीणबाई होती. तिच्या थैलीत त्यांनी हात घालून तेलाचा डबा नीट उभा करून दिला, वर सांगतलं, "सांडन, सांभाळजा."

मग मी पन्नी मागितली. मला पाहायचं होतं. चहापत्ती त्यांनी पन्नीत टाकली, आणि पन्नीचे दोन्ही कान धरून माझ्यासमोर केली. आता ती वरून कशी टाकणार? कान त्यांच्या बोटात होते, ते माझ्या बोटात द्यावेच लागले. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि त्यांना ते समजलंसुद्धा नाही.

मायनं मला हेच सांगतलं होतं, जे मी जुलैत तुला लिहिलं नाही. ती म्हणाली, "थैली नेली की तोंड उघडून उभं राहा लागते, जसं भीक मांगून राह्यलो. पन्नीत घेतलं की दुकानदाराले हातात देणं भाग पडते." मला खरं नाही वाटलं. मी म्हटलं, हे जुन्या दिवसांचं आहे. मी मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, नोकरीला लागली, माझ्या बाबतीत कोण करते असं? म्हणून तुझ्याकडे आली तेव्हा मुद्दाम थैली पुढे केली.

केसरबाई आमच्यातलीच असेल, बौद्ध. तिचं 'असंच' मला तुझं पत्र वाचतानाच समजलं होतं.

तुझी थैली सुंदर आहे. माझ्या हातून तिचं तोंड उघडून धरणं परत होणार नाही, म्हणून ठेवून आली. आणि एक गोष्ट मनात टोचते ती लिहूनच टाकते. तू हातभर अंतरावर उभी होती, प्रेमा. तुला दिसलं नाही.

शकुंतला


पांढुर्णा, १८ ऑक्टोबर १९८७

शकू,

महिना होऊन गेला, तुला वाटलं असेल मी रुसली. खरंच रुसली होती. एक पत्र लिहिलंही होतं. त्यात लिहिलं होतं की आपण एका डब्यात जेवलो, आणि तू माझ्या सासरच्या माणसांवर असा आळ घेते. ते फाडलं. कारण ते टाकायच्या आधी मला एकदा पाहून घ्यायचं होतं.

मी शिवण घेऊन दुकानाच्या आतल्या दारात बसायला लागली. दिसायला मशीनवर, पण डोळे मामाजींच्या हातावर. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिसलं, आणि मग दिसणं थांबेचना. एकीच्या थैलीत हात आत जाते, दुसरीच्या थैलीवर तोच हात वीतभर थांबते. मामाजी पाहतही नाहीत. हातच आपला आपण ठरवते.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू कायले पाहून राहिली हे? धंद्यात डोकं नको घालू." मग मीच जेवताना मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "मी? मी कधी करतो असं?" मी म्हटलं, "आज केसरबाईले डाळ देली तेव्हा." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माहे वडील असेच देत." भात अर्धा ठेवून उठले.

आता दुपारी ते झोपतात तेव्हा काउंटरवर मी बसते. मला वाटलं होतं, मी बसली की झालं. तसं नाही झालं. केसरबाई आली. त्या दिवशी पन्न्या संपल्या होत्या. मी गुळाचा पुडा तिच्यासमोर धरला. तिनं थैलीचं तोंड उघडलं आणि एक पाऊल मागं सरकली.

"टाका नं बाई," म्हणाली.

"हातात घे, केसरबाई."

"टाका नं."

मी हात पुढे करून, ती थैली उघडून, दोघी तशाच उभ्या. मागच्या बायका पाहून राहिल्या. मला रडू यायला लागलं, आणि तिला माझीच कीव आली असावी. तिनं थैली काखेत दाबली आणि दोन्ही हातांनी पुडा घेतला. जाताना हळूच म्हणाली, "पन्न्या कवा येतीन?"

मी म्हटलं, "आता काहून पाहिजे तुले पन्नी? मी देते नं हातात."

"आज तुमी बसल्या. उद्या बापूजी बसतीन."

शकू, मला हे दिसलं नव्हतं. आता दिसते.

प्रेमा


सौसर, २ नोव्हेंबर १९८७

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मायला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. केसरबाईचं आलं तेव्हा फक्त "हं" म्हणाली.

चार-पाच दिवसांनी एकाएकी म्हणाली, "मी पांढुर्ण्याले जातो."

"कायले?"

"गूळ पाह्यतो."

"गूळ तर सौसरलेही भेटते."

"भेटते. पण मी पांढुर्ण्याचा पाह्यतो."

मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. तिचं डोकं एकदा ठरलं की ठरलं. तुझ्यासाठी दोन निरोप दिले आहेत. सासऱ्यांना आधी काही सांगू नको. आणि त्या दिवशी तू काउंटरवर बसू नको. मी विचारलं, प्रेमा बसली तर चांगलंच नाही का? तर म्हणे, "तिच्या हातातलं मी कालही घेतलं असतं. तिच्यासाठी नाही चालली मी."

मला भीती वाटून राहिली. तुझे सासरे सगळ्यांसमोर काही उलटसुलट बोलले तर तिला कोण सांभाळेल? माय साठीला आली. बगीच्यात दिवसभर उभी राहते, पण मन तिचं फार हळवं आहे. येत्या सोमवारनंतर कधीही येईन म्हणते. तू घरात असशील ना?

शकू


पांढुर्णा, २१ नोव्हेंबर १९८७

प्रिय शकू,

मावशी आल्या होत्या. मी घरातच होती, आतल्या दारात उभी. सगळं पाहिलं, ते जसं झालं तसं लिहिते.

कापसाच्या गाड्यांचे दिवस आहेत, दुकानात गर्दी होती. हे मालाला गेले होते, काउंटरवर मामाजी एकटे. मावशी पांढरं लुगडं नेसून आल्या, खांद्यावर कापडी थैली, घडी केलेली. आपली पाळी येईपर्यंत गुपचूप उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धा किलो गूळ द्या. चांगला पाहून द्या."

मामाजींनी गूळ तोलला, कागदात बांधला, दोरा गुंडाळला आणि हात पुढे केला. वाट पाहून राहिले की थैली उघडेल. मावशींनी थैली खांद्यावरून काढलीच नाही.

"थैली उघड नं बाई."

"हातात द्या."

मामाजींना वाटलं, थैलीत नको असेल. म्हणाले, "पन्नी देऊ का?"

"पन्नी नाई पाहिजे. थैली हाये माह्याजवळ. तुमी हातात द्या, थैलीत मी ठेवतो."

आवाज मोठा नव्हता. पण दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझे पाय पुढे निघाले होते, पण तुझा निरोप आठवला आणि मी चौकट धरून उभी राहिली. त्यांनी पुडा काउंटरवर ठेवला. जसं की, घे आता, उचल. मावशींनी पुड्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिल्या. मागून एक माणूस म्हणाला, "चला नं बापूजी, गाडी उभी हाये आमची."

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मग मामाजींनी पुडा परत उचलला. मावशींनी दोन्ही हात समोर केले. मामाजींचा हात त्या हातांवर आला, थोडा थांबला, आणि खाली टेकला. पुडा हातात गेला. मावशींनी थैली उतरवली, पुडा आत ठेवला आणि म्हणाल्या, "आता पाव किलो शेंगदाणे." तेही त्यांनी हातातच घेतले.

मला वाटलं होतं, त्या आत येतील. मी खूण केली. त्यांनी मान हलवली, हसल्या आणि गेल्या.

नंतर मामाजींनी विचारलं, "कोण होती ते बाई?" मी म्हटलं, "शकुंतलाची माय." ते बराच वेळ तराजूची पारडी पुसत राहिले. मग म्हणाले, "घरात काहून नाई बसवलं? इतक्या दुरून आली होती."

एवढ्यावर सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी केसरबाईच्या थैलीवर त्यांचा हात नेहमीसारखाच वर थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि यांना हाक मारली, "अरविंद, तू दे रे." यांनी दिलं. हातात दिलं की थैलीत ठेवलं ते गर्दीत मला दिसलं नाही. उद्या परत पाहीन. पन्न्याही चालूच आहेत, हे पुन्हा नागपूरहून आणणार आहेत.

मावशींनी घरी आल्यावर काय सांगितलं, ते मला सगळं लिही. त्यांना काय वाटलं असेल याचाच विचार करून राहिली.

प्रेमा


सौसर, २९ नोव्हेंबर १९८७

प्रिय प्रेमा,

मायनं घरी काहीच सांगितलं नाही! मी बस स्टँडवर घ्यायला गेली होती. बसमधून उतरली तशी मी विचारलं, कसं झालं? म्हणे, "बसमधी लय गर्दी होती." घरी येऊन हातपाय धुतले, गूळ डब्यात भरला, शेंगदाणे भाजले. मी मागे मागे फिरून राहिली. बापूजी भेटले का? भेटले. काही बोलले का? गुळाचं बोलले. शेवटी मीच थकली. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं आणि ती लपवून राहिली. त्या विचारानं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग तुझं पत्र आलं. मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर केली नाही.

वाचून झालं तेव्हा म्हणाली, "प्रेमलतानं इतकं सारं लिहिलं? दोन पानं भरून?"

मी म्हटलं, "हो."

"यात लिहासारखं काय हाये वं? दुकानदारानं सामान देलं, मी घेतलं."

शकू